आयटीआयमधून पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांसाठी

दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षांचा व्यवसाय (ट्रेड) पूर्ण करायचा आणि मग तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घ्यायचा, हा मार्ग चांगला आहे असे मी आजही मानतो. मी स्वतः वीजतंत्री हा व्यवसाय करून याच मार्गाने विद्युत अभियांत्रिकीच्या पदविकेला आलो. प्रवेशाच्या फेऱ्या, कागदपत्रे, आरक्षण यांची माहिती तुम्हांला असेल असे गृहीत धरतो. फक्त एक लक्षात ठेवा, की या प्रवेशासाठी शाखेशी जुळणारा दोन वर्षांचाच व्यवसाय लागतो. त्यामुळे संधाता म्हणजे वेल्डरसारखा एक वर्षाचा व्यवसाय घेताना पुढे पदविका करायची आहे की नाही, हे दहावीच्या निकालानंतर लगेच ठरवावे लागते.

या मार्गावर मला ज्या गोष्टीने अडवले ती म्हणजे गणित. पदविकेचे गणित पहिल्या वर्षातच उरकते. पहिल्या सत्रात लॉगॅरिथम, सारणी (मॅट्रिक्स), आंशिक अपूर्णांक आणि दहावीच्या बरीच पुढची त्रिकोणमिती असते, तर दुसऱ्या सत्रात संकलन (इंटिग्रेशन) आणि विकलक (डिफरन्शियल) समीकरणे असतात. आपण थेट तिसऱ्या सत्रात बसतो. वेळापत्रकात गणित नावाचा विषय दिसत नाही, म्हणून आपल्यासोबत आलेली सगळी मुले सुटलो म्हणून खूश होतात, आणि घरचेही खूश होतात. प्रत्यक्षात सुटलेले काहीच नसते. ते गणित आता प्रत्येक विषयाच्या आत शिरलेले असते आणि ते येते असे धरूनच शिक्षक फळ्यावर लिहीत असतात.

एकच उदाहरण सविस्तर देतो, कारण सगळा पेच त्यात आहे. एसी पुरवठ्याचे आरएमएस म्हणजे परिणामकारक मूल्य हे कमाल मूल्याच्या 0.707 पट असते, हे आयटीआयच्या प्रत्येक वीजतंत्र्याला पाठ असते. घरातला पुरवठा 230 व्होल्टचा म्हटला, तरी त्याचे शिखरमूल्य सुमारे 325 व्होल्ट असते, हेही त्याला ठाऊक असते. पदविकेच्या वर्गात मात्र प्रश्न येतो, की हे 0.707 कुठून आले ते सिद्ध करा. त्यासाठी साइनचा वर्ग घ्यायचा, त्याचे एका पूर्ण आवर्तनावर संकलन करायचे, सरासरी काढायची आणि वर्गमूळ घ्यायचे. साइनच्या वर्गाचे संकलन थेट जमत नाही, म्हणून आधी तो दुप्पट कोनाच्या कोसाइनमध्ये मांडावा लागतो. ती मांडणी पहिल्या सत्रातली आणि संकलन दुसऱ्या सत्रातले, म्हणजे ज्या दोन पायऱ्यांवर ही सिद्धता उभी आहे त्या दोन्ही आपण गाळून आलेलो असतो. याच कारणाने पुढे इंपीडन्स, म्हणजे एसी मंडलातला एकूण विरोध, संमिश्र संख्येच्या स्वरूपात लिहिताना ‘जे’ हे अक्षर (उणे एकचे वर्गमूळ) आले, की ते काय आहे हे विचारण्याचेही धाडस होत नाही, कारण वर्गातल्या इतरांना ते विचारावे लागत नसते.

पुढे पदवीला जायचे असेल, तर हीच अडचण दुप्पट होते. पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीतही थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणितही वगळले जाते. आयटीआयमार्गे आलेल्या मुलाची अशी गणिताची दोन वर्षे गळतात आणि समोर एकदम संकलनावरच उभे असलेले लाप्लास रूपांतर येते. कष्टाळू आणि हाताने हुशार असलेली मुले मी याच एका विषयात वर्षानुवर्षे अडकलेली पाहिली आहेत, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते.

‘शेवटच्या महिन्यात प्रश्नसंच पाठ कर, सुटशील’ हा सल्ला वसतिगृहात हमखास मिळतो. तो ऐकू नका. प्रश्नसंचाने उत्तीर्ण होता येते, पण त्यातली सिद्धता पुढच्या सत्रात उपयोगी पडत नाही. शहरातल्या महागड्या क्लासबद्दलही माझे मत फारसे चांगले नाही, कारण तिथे तिसऱ्या सत्राचाच अभ्यासक्रम भरभर पुन्हा सांगतात आणि राहिलेल्या पहिल्या वर्षाला कोणी हात लावत नाही. त्यापेक्षा गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयाचे गणिताचे शिक्षक गाठावेत. अकरावी आणि बारावी विज्ञानाची गणिताची पुस्तके ई-बालभारतीवर विनामूल्य मिळतात. त्यांतील त्रिकोणमिती, संमिश्र संख्या, विकलन आणि संकलन एवढी प्रकरणे आयटीआयच्या दोन वर्षांत सावकाश झाली, तरी तिसरे सत्र अंगावर येत नाही. पुस्तक इंग्रजीतून घेतलेत तर पदविकेच्या भाषेचीही सवय होते.

घाबरून हा मार्ग सोडू नका. स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी करणे, मेगर लावून मोटरचे इन्सुलेशन तपासणे, दोष शोधताना आधी पुरवठा बंद आहे याची खात्री करणे, हे तुम्ही हाताने केलेले असते आणि प्रयोगशाळेत बाकीची मुले तुमच्याच टेबलाशी येतात. हे शिकवणाऱ्या निदेशकांशी संबंध टिकवा. माझ्या मते तुम्हांला त्यांच्याइतका चांगला मार्गदर्शक नंतर क्वचितच मिळेल, कारण तुम्हांला काय येते आणि काय येत नाही हे त्यांनी रोज पाहिलेले असते.

वेळेचा हिशोब मात्र कठोरपणे करा. दहावीनंतर सरळ पदविका केली, तर तीन वर्षे लागतात, आयटीआयमार्गे चार. जादा वर्षाच्या बदल्यात राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते, ज्यावर रेल्वे किंवा वीज कंपन्यांत शिकाऊ उमेदवारी करता येते आणि घरी अडचण आली, तर लगेच कमावताही येते. माझ्या घरी त्याची गरज होती. तुम्हांला ती नसेल आणि दहावीला बरे गुण असतील, तर सरळ पदविकेला जा.

आणि जे या वर्षी दुसऱ्या वर्षात येऊन बसलेच आहेत त्यांनी पहिल्या वर्षाला गणित शिकवणाऱ्या शिक्षकांना भेटावे आणि वेळापत्रकात जिथे मोकळा तास असेल तिथे त्यांच्या वर्गात मागे बसू देण्याची विनंती करावी. बहुतेक शिक्षक नाही म्हणत नाहीत. सगळे एकदम धरू नका: आधी दुप्पट कोनांची सूत्रे, मग साइन आणि कोसाइनचे संकलन, मग संमिश्र संख्या. सारणी आणि विकलक समीकरणे पदवीचे नक्की झाल्यावर, प्रवेशाआधीच्या सुट्टीत करता येतात.