पेंटवरची ऑरेंज पील: ओळखायची कशी आणि घासायची किती

बोनेटमध्ये ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. कडा सरळ न दिसता फाटल्यासारख्या, दाणेदार दिसल्या की ती ऑरेंज पील. कंपनीतून आलेल्या कोऱ्या गाडीवरही ती थोडी असतेच, त्यामुळे दिसली रे दिसली की "गाडी रीपेंट आहे" म्हणून ओरडू नका. एकच दरवाजा बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसत असेल तर मात्र शंका घ्यायला जागा आहे.

स्प्रेचे थेंब एकमेकांत मिसळून सपाट होण्याआधीच घट्ट झाले की हे होतं. पेंट जाड, हवेचं प्रेशर कमी, गन लांब धरलेली, नाहीतर गरम हवेत लवकर सुकणारं थिनर. उंचवटे क्लिअर कोटमध्येच (रंगावरच्या पारदर्शक थरात) असतात, म्हणून वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंगने ते जातील असं सांगणाऱ्याचं ऐकूच नका.

ऑरेंज पील घासून काढायची तर आधी गाडी धुवा, पॅनेलच्या कडा आणि बॉडी लाइनवर (पत्र्याच्या उठावदार रेषांवर) टेप लावा, तिथे थर पातळ असतो.

आता घासणं. सगळी गडबड इथेच होते. १५०० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा सँडपेपर) भिजवून ब्लॉकला लावा, नुसत्या बोटांनी घासलंत तर बोटांखाली खड्डे पडतात. दाब द्यायचा नाही, पाण्यात शाम्पूचा थेंब टाकायचा, आणि पाच-सहा हात मारले की थांबून पाणी पुसून बघायचं. उंचवटे मॅट होतात, खळगे चमकत राहतात, म्हणजे चमकणारे ठिपके कमी होतायत का तेवढंच बघायचं. शेवटचा ठिपका जाईपर्यंत घासायचा मोह मलाही व्हायचा, पण थोडे ठिपके राहू द्या. क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचाच असतो, त्यातच ऊन झेलायची ताकद असते, फार पातळ केलात तर पुढे उन्हात तो सोलायला लागतो. जाडीचा मीटर घ्याच, पण तो सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतो, एकट्या क्लिअरची नाही, आणि साधा मीटर प्लास्टिक बंपरवर चालत नाही. घासताना निघणाऱ्या पांढऱ्या पाण्यात गाडीचा रंग उतरला तर क्लिअर संपला, मग त्यावर पॉलिश नाही, पेंटच.

नंतर २०००, मग ३००० नंबरचा आणखी बारीक पेपर, फक्त आधीच्या रेघा काढण्यापुरतं. मग मशीनवर कंपाउंड (घासल्याच्या खुणा काढणारी पेस्ट), शेवटी पॉलिश.

रोजच्या वापरातल्या गाडीच्या मूळ पेंटवर हे करूच नका. नवा क्लिअर मारलेलं पॅनेल असेल आणि तो पूर्ण सुकला असेल तर बिनधास्त करा.