लाखाचा रिसीव्हर की हजाराच्या आतबाहेरचा डोंगल? घरीच मोजून बघा

अ‍ॅपलचा तो छोटा यूएसबी-सी ते हेडफोनवाला डोंगल आहे ना, तो मोजला की सिनॅड साधारण ९९ डीबीच्या आसपास येतो, आणि त्याच्या शंभरपट किमतीचे कितीतरी होम थिएटर रिसीव्हर (सिनेमाचा आवाज सगळ्या स्पीकरना वाटून देणारा डबा) आणि प्रोसेसर (तोच, पण आत अ‍ॅम्प्लिफायर नसलेला) ८० ते १०० च्या मध्ये कुठेतरी लटकलेले असतात. सिनॅड म्हणजे आपण पाठवलेला सूर आणि त्यासोबत बाहेर आलेला कचरा, म्हणजे नॉइज अधिक डिस्टॉर्शन, यातलं अंतर. १६ बिट सीडीची थिअरीतली मर्यादाच ९८ डीबी, म्हणजे काही महाग डबे सीडीलाही पूर्ण न्याय देत नाहीत. पण नेटवरचा आकडा बघून भांडत बसण्यापेक्षा आपला आपण मोजावा, फार काही लागत नाही.

लागतं काय तर लॅपटॉप, दोन लाइन इनपुटवाला ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपमध्ये आवाज आत-बाहेर नेणारी पेटी, फोकसराइट स्कार्लेट टाइपचा चालतो), आरसीएच्या केबल, मल्टिमीटर आणि आरईडब्ल्यू हे आवाज मोजायचं फुकट सॉफ्टवेअर. रिसीव्हरच्या मागे प्री-आउट, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीचा सिग्नल बाहेर देणारे सॉकेट, असले पाहिजेत. आणि हे आधीच सांगतो, स्पीकर टर्मिनलची वायर इंटरफेसला चुकूनही लावायची नाही, इनपुट उडेल.

सगळ्यात आधी इंटरफेसचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडा आणि मोजा. हा लूपबॅकचा आकडा म्हणजे तुमची फूटपट्टी, तो ९५ आला तर ११० वाला डीएसी (डिजिटलचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारी चिप किंवा डबा) लावला तरी स्क्रीनवर ९५ च्या आसपासच दिसू शकतो, उगाच डीएसीला नावं ठेवू नका.

मग आरईडब्ल्यूच्या जनरेटरमधून १ किलोहर्ट्झचा साइन टोन २४ बिट वेव्ह फाइल म्हणून सेव्ह करा. त्याच्याच आरटीएमध्ये (फ्रिक्वेन्सीनुसार सिग्नल दाखवणारा ग्राफ) एफएफटी ६४के, विंडो ब्लॅकमन-हॅरिस ७ (टोन वाजवणाऱ्या उपकरणाचं आतलं घड्याळ आणि रेकॉर्ड करणाऱ्याचं घड्याळ वेगळं असतं, साधी विंडो लावली तर टोनच पसरतो आणि आकडा खोटा वाईट येतो), थोडं अ‍ॅव्हरेजिंग, आणि मोजणी २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ एवढीच.

रिसीव्हरवर डायरेक्ट किंवा प्युअर डायरेक्ट मोड, ऑडिसी-डिराक (खोलीनुसार आवाज सुधारणारी रूम करेक्शन) बंद, डायनॅमिक व्हॉल्यूम बंद, फ्रंट स्पीकर लार्ज (म्हणजे बेस सबवूफरकडे वळणार नाही). डेनॉनच्या एव्हीआर-एक्स३६००एच पासून प्री-अ‍ॅम्प मोड आला, आतले अ‍ॅम्प्लिफायर त्यात तोडता येतात, तुमच्यात असेल तर एकदा चालू आणि एकदा बंद करून दोन्ही मोजा, कारण व्हॉल्यूम वाढवला की आतला अ‍ॅम्प बिचारा क्लिप व्हायला, म्हणजे क्षमता संपून सिग्नल कापायला, लागतो आणि ती घाण काही मॉडेलमध्ये प्री-आउटवरही दिसते.

आता लेव्हल, अर्धी भांडणं इथेच होतात. मल्टिमीटर एसीवर ठेवा, ५० हर्ट्झचा टोन वाजवा (साधे मीटर १ किलोहर्ट्झला भरवशाचे नसतात) आणि व्हॉल्यूम फिरवून प्री-आउटवर आधी १ व्होल्ट आणा, मग २. डोंगल फुल व्हॉल्यूमला साधारण १ व्होल्ट देतो, म्हणून त्याची तुलना रिसीव्हरच्या १ व्होल्टशीच. नॉइज तेवढाच राहिला आणि व्होल्टेज निम्मं झालं तर आकडा सरळ ६ डीबीने पडतो, मग कोणी २ व्होल्टचा आकडा तुमच्या १ व्होल्टच्या आकड्यापुढे नाचवत असेल तर नाचू दे. अँड्रॉइड फोनवर हा डोंगल बऱ्याचदा कमी आवाज देतो, तो लॅपटॉपवरच मोजा.

प्री-आउट इंटरफेसच्या इनपुटला जोडून टोन आधी पेनड्राइव्हवरून रिसीव्हरच्या यूएसबी पोर्टला वाजवा, मग लॅपटॉपवरून एचडीएमआयने. एचडीएमआयला आकडा पडला आणि ५०, १००, १५० हर्ट्झला ग्राफवर काठ्या उभ्या दिसल्या तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. काठ्या गायब झाल्या तर दोष रिसीव्हरचा नाही, ग्राउंड लूपचा, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून शिरणाऱ्या विजेच्या गुणगुणीचा आहे.

आता महाग डबा मागे का पडतो? एका पेटीत व्हिडिओ बोर्ड, डीएसपी (आवाजावर गणित करणारी चिप), ट्रान्सफॉर्मर, डझनभर चॅनेल आणि शेवटी व्हॉल्यूमची चिप, डोंगलला यातलं काहीच सांभाळायचं नसतं. बरं, चिपही बदलतात. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओकाला एकेएम या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या फॅक्टरीला आग लागली, त्यांच्या डीएसीचा तुटवडा पडला आणि कंपन्यांना दुसऱ्या चिप शोधाव्या लागल्या, त्यामुळे जुना रिव्ह्यू वाचून घेतलेल्या डब्यात तीच चिप असेल याची खात्री नाही.

आणि कानाला किती कळतं? ८० डीबी म्हणजे ०.०१ टक्का कचरा. सबवूफर जोरात वाजला की स्वतःच १ टक्का, म्हणजे फक्त ४० डीबी खाली, डिस्टॉर्शन सहज देतो. त्यामुळे ८५ वाला रिसीव्हर विकून ९५ वाला आणणं मला तरी पटत नाही. नुसतं स्टिरिओ ऐकायचं असेल तर डोंगल नाहीतर स्वस्त डीएसी आणि दोन अ‍ॅक्टिव्ह स्पीकर, विषय संपला. अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारा डॉल्बीचा सराउंड) हवं असेल तर रिसीव्हरला पर्याय नाही, तिथे पैसे डिकोडिंग, डिले (प्रत्येक स्पीकरचा आवाज एकाच वेळी पोचवणं), बेस मॅनेजमेंट (बेस सबवूफरकडे वळवणं) आणि रूम करेक्शनचे. वर पैसे उरलेच तर मेजरमेंट माइक घ्या, याच आरईडब्ल्यूमध्ये सोफ्यावर ठेवून स्वीप (खालपासून वरपर्यंत चढत जाणारा सूर) मारा, २०० हर्ट्झच्या खाली १०-१५ डीबीचे खड्डे दिसतील, आणि ते कुठल्याच डीएसीने भरत नाहीत, त्यासाठी आधी सबवूफर सरकवून बघा.