भाड्याच्या घरात मॉड्युलर कपाट लावताय? भिंत वाचवण्याच्या नादात या चुका टाळा

भिंतीला भोक पाडायचं नाही असं ठरलं की बहुतेक जण थेट दुहेरी चिकटपट्टी आणतात. खरं तर भोक हे सगळ्यात स्वस्त नुकसान. चिमूटभर पुट्टी भरली, पॉलिश पेपर फिरवला, रंगाचा एक हात दिला की दिसतही नाही. चुकीच्या जागी लावलेली फोम टेप मात्र निघताना रंगाचा आणि कधी खालच्या पुट्टीचाही तळहाताएवढा पोपडा सोबत घेऊन येते.

कारण टेप भिंतीला नाही, रंगाला चिकटते. रंग भिंतीला जेवढा धरून आहे तेवढीच तिची पकड. म्हणून आधी भिंतीवरून हात फिरवून बघा. तळव्याला पांढरी भुकटी लागली तर तिथे टेपचा विचार सोडा. रंग नवा असेल तर निदान आठवडाभर थांबा. लावण्याआधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पट्टी दाबून बसवल्यावर तासभर काही अडकवू नका. काढताना खेचून काढायच्या पट्टीचं टोक भिंतीला समांतर, सावकाश खाली ओढायचं, स्वतःकडे नाही. साध्या फोम टेपला असं टोक नसतं. तिला हेअर ड्रायरने ऊब द्या आणि दात साफ करायचा फ्लॉस मागून करवतीसारखा पुढे-मागे ओढत फोम कापा. उरलेला गोंद बोटाने चोळून निघतो.

टेपच्या भरवशावर कपाट उभं करणं

ही यातली सगळ्यात धोक्याची चूक. पाकिटावर लिहिलेलं वजन असतं शांतपणे खाली लटकणाऱ्या वस्तूचं. कपाट कलंडतं तेव्हा पट्टीला बाहेरच्या बाजूला झटका बसतो, आणि सोलून निघण्याच्या बाबतीत चिकट पट्ट्या कच्च्याच असतात.

ड्रॉवरचं कपाट रिकामं असताना हलतही नाही, त्यामुळे आपण बिनधास्त असतो. पण कपड्यांनी भरलेले तीन ड्रॉवर एकदम उघडले की सगळं वजन पुढच्या पायांच्याही पुढे जातं. त्यात एखादं पोर खालच्या ड्रॉवरवर पाय देऊन चढलं की झालं. भिंतीला न बांधलेली कपाटं अंगावर पडून मुलं दगावल्यावर आयकियाला 2016 साली अमेरिकेत सुमारे 2 कोटी 90 लाख ड्रॉवर-कपाटं बाजारातून परत बोलवावी लागली होती.

भिंतीचा आधार घ्यायचा नसेल, तर ते काम जमिनीकडून करून घ्यावं लागतं. शक्यतो कमरेएवढ्या उंचीचे मॉड्यूल घ्या. उंच रॅक हवाच असेल तर दोन रॅक कोपऱ्यात एल आकारात लावून एकमेकांना बोल्टने पक्के जोडा. मग एकाचा पुढचा तोल दुसरा सांभाळतो. एका ओळीत कितीही रॅक जोडले तरी पुढून मागपर्यंतची खोली तेवढीच राहते, त्यामुळे पुढे कलंडण्याचा धोका कमी होत नाही. जड सामान तळाला ठेवा आणि पुढच्या पायांखाली पातळ पाचर सारून कपाट किंचित मागे कललेलं राहू द्या. छत पक्क्या स्लॅबचं असेल तर कपाट आणि छत यांच्यामध्ये दाबून बसणारे दांडे चालतात, पण ते मागच्या बाजूला, भिंतीलगत लावायचे. फॉल्स सीलिंगला ते टेकवू नका, पत्रा वाकेल नाहीतर बोर्ड फुटेल.

घरात लहान मूल असेल आणि कपाट उंच असेल, तर मात्र माझं मत स्पष्ट आहे: घरमालकाला विचारा आणि दोन भोकं पाडाच. जाताना बुजवून देतो असं लिहून दिलंत की सहसा कोणी नाही म्हणत नाही.

दार बसत नाही म्हणून बिजागरीशी झटापट

दोन दारांमधली फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसली की लगेच बिजागरीचे स्क्रू पिळू नका. बहुतेक वेळा दोष फरशीच्या उताराचा असतो. आधी लेव्हल (बुडबुड्याने सपाटी दाखवणारी पट्टी) लावून पाये वर-खाली करा, बिजागरी सगळ्यात शेवटी. रॅक डावी-उजवीकडे झुलत असेल तर मागची प्लाय बघा. ती ठोकण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजपट्टीने मोजायचे. ते सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे. प्लाय पातळ असते म्हणून अर्धेच खिळे मारून वेळ वाचवणारे पुष्कळ भेटतात, पण चौकट ताठ ठेवते ती हीच प्लाय.

भिंतीच्या तळाची स्कर्टिंगची पट्टी कपाटाला भिंतीपासून थोडं पुढे ढकलते आणि वर फट राहते. स्कर्टिंगच्याच जाडीची लाकडी पट्टी वर मागच्या बाजूला लावा, तिच्यावर फेल्ट (जाड मऊ कापड) चिकटवा. कपाटही टेकतं आणि रंगही घासत नाही. भिंत ओल धरणारी किंवा बाथरूमला लागून असेल तर मात्र दोन-तीन बोटं जागा मोकळीच सोडा, नाहीतर मागे बुरशी येते आणि पार्टिकल बोर्डच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) कडा फुगतात. व्हिनाइलच्या फरशीवर रबरी पाये नकोत, रबराचे पिवळे डाग पुसले जात नाहीत.

फळी मध्ये झोळ धरते तेव्हा आपण सामानाला दोष देतो, पण खरा दोष लांबीचा. फुटामागे पुस्तकांचं वजन तेवढंच ठेवून फळीची लांबी निम्मी केली, तर झोळ जवळपास सोळाव्या भागावर येतो. एक मीटर पुस्तकांचं वजन सहज 25 किलो भरतं, तेव्हा मध्ये एक उभा आधार द्याच.

घर बदलताना

जोडलेलं कपाट फरफटत नेऊ नका, सांधे तिथेच सैल होतात. कॅम लॉक, म्हणजे फळ्या जोडणारी गोल खाचेची कळ, अर्धा फेरा उलटा फिरवला की सुटतो, तो उपटायचा नसतो. बसवताना इलेक्ट्रिक ड्रायव्हर बाजूला ठेवून हाताने पिळा, कारण पार्टिकल बोर्डात भोक एकदा फिरलं की स्क्रू धरत नाही. तसं झालंच तर लाकडाच्या गोंदात बुडवलेल्या दोन-तीन टूथपिक भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, वरचं टोक कापा आणि सकाळी तोच स्क्रू पुन्हा बसवा.