या चुका टाळा: सर्किटचा कागद नसलेला व्हॉल्व्हचा टीव्ही उघडताना

“काका, सेट आणलाय. जरासा उघडून बघितला होता.” या ‘जरासा’ची मला आता धास्तीच बसली आहे.

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. त्यानंतरच्या दहाएक वर्षांत घरोघरी आलेले लाकडी शटरचे, व्हॉल्व्हवर (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांवर) चालणारे ब्लॅक अँड व्हाइट सेट आता माळ्यावर नाहीतर जुन्या बाजारात सापडतात. त्यांची सर्किटं मात्र सापडत नाहीत. बऱ्याच कंपन्या बंद पडल्या, आणि मागच्या फळीवर आतून चिकटवलेला नकाशा कसरीने खाल्ला. मग उरतो तो सेट, तोच वाचायचा. आणि नवशिके पहिल्या अर्ध्या तासात नेमका तोच पुसून टाकतात.

सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे आयएफ कॉइलचे कोअर फिरवणं. आयएफ म्हणजे कुठलंही चॅनेल ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणून सेट वाढवतो ती, आणि कोअर म्हणजे कॉइल त्या फ्रिक्वेन्सीला जुळवणारा आतला फिरता गाभा. ॲल्युमिनियमच्या डब्यांच्या डोक्यावर भोक असतं, आत स्क्रूसारखं काहीतरी दिसतं आणि हात शिवशिवतात. एक इंजिनिअरिंगचा मुलगा असाच वीस इंची सेट घेऊन आला. चित्र फिकट होतं म्हणून त्याने पाचही डब्यांतले कोअर लोखंडी स्क्रूड्रायव्हरने “थोडे थोडे” फिरवले होते. मूळ कुठे होते, याची नोंद नाही. एक तर तडकून आतच अडकला होता. मूळ बिघाड निघाला एजीसीच्या (सिग्नलप्रमाणे सेटचा जोर आपोआप कमीजास्त करणाऱ्या भागाच्या) लाइनवरचा एक गळका कंडेन्सर. किंमत चहाइतकीही नाही, सापडायला वीस मिनिटं लागली. कोअर जागेवर आणायला माझ्या अकरा संध्याकाळी गेल्या.

त्या अकरा संध्याकाळी कागदाशिवाय निभावल्या, कारण आपलं प्रक्षेपण ६२५ ओळींचं, सात मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलचं. त्यामुळे आयएफचे आकडे कंपनीगणिक बदलत नाहीत. चित्र ३८.९ मेगाहर्ट्झ, आवाज ३३.४. शेजारच्या चॅनेलचं चित्र अडवणारी कॉइल, म्हणजे ट्रॅप, ३१.९ला, दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याचा आवाज अडवणारा ४०.४ला. आवाजाची शेवटची कॉइल ५.५ला. हवी ती फ्रिक्वेन्सी देणारा सिग्नल जनरेटर असेल तर एकेक डबा ओळखता येतो. तडकलेला कोअर केस वाळवायच्या ड्रायरने डबा कोमट करून, कोअर हलू नये म्हणून लावलेलं मेण सुटल्यावर काढला.

आता माझी सवय सांगतो. आधी टॉर्च मारून कोअरवरचं मेण बघायचं. मेण अखंड असेल तर तिथे कुणाचा हात गेलेला नाही, आपणही घालायचा नाही. मेण मोडलेलं असेल तर नेलपॉलिशचा एक ठिपका कोअरवर, एक कडेवर, मग वहीत नोंद. फिरवायचंच झालं तर विणकामाची प्लॅस्टिकची सुई तासून.

दुसरी चूक म्हणजे एका बैठकीत सगळे कंडेन्सर बदलणं. व्हिडिओत दहा मिनिटांत होतं, म्हणून इथेही करतात. त्यात दोन उलटे बसतात, एका जागी चुकीची किंमत जाते, आणि नवा बिघाड जुन्यात मिसळतो. मी एक बदलतो, सेट लावतो, बघतो, वहीत लिहितो, मग पुढचा. सुरुवात व्हर्टिकलच्या (चित्र वरखाली पसरवणाऱ्या भागाच्या) पीसीएल ८०५ या व्हॉल्व्हच्या ग्रिडवरच्या, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या टोकावरच्या, कपलिंग कंडेन्सरपासून. तो गळका असला तर व्हॉल्व्ह तापून मरतो, आणि लोक नवा व्हॉल्व्ह घालून तोही मारतात.

सर्किट काढायला व्हॉल्व्हची नावंच पुरतात. पहिलं अक्षर ‘पी’ असेल तर हीटरला (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेला) ०.३ अँपिअर. पीवाय ८८ला ३० व्होल्ट, पीएल ५०४ला २७, पीसीएल ८०५ला १८, पीसीएल ८४ला १५. हे सगळे दिवाळीच्या माळेसारखे एका ओळीत असतात, म्हणून एक उपटला की सगळे विझतात. (“काका, एक काढला तर सगळेच गेले!” हा फोन वर्षातून दोनदा येतो.) बेरीज करायची, मेनच्या व्होल्टमधून वजा करायची, उरलेले व्होल्ट ओळीतलाच ड्रॉपर रेझिस्टन्स खातो. पिनांचे तक्ते आजही सहज मिळतात. प्रत्येक सॉकेटपासून बाहेर रेघा ओढत गेलं की दोन रविवारांत नकाशा तयार. दोन रविवार नसतील तर हा छंद तुमचा नाही.

माळ्यावरून काढलेला सेट थेट प्लगला लावू नका. प्लग आणि सेटच्या मध्ये सिरीजला बल्ब ठेवा, पण २०० वॅटचा. नुसते हीटरच ०.३ अँपिअर घेत असल्यामुळे ६० वॅटचा बल्ब धडधाकट सेटवरही लखलखतो, आणि माणूस नसलेला शॉर्ट शोधत बसतो. २०० वॅटचा मंद राहिला पाहिजे. पूर्ण पेटला तर लगेच बंद.

चेसिस, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, मेनच्या एका वायरला थेट जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा गेला की सगळ्या पत्र्यात करंट. सेटला मेनपासून वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर हात लावू नका, यात माझ्याकडून सवलत नाही.

पिक्चर ट्यूब मानेला धरून उचलू नये. सेट बंद असला तरी ॲनोडवर हजारो व्होल्ट साठलेले असतात, आधी ते ट्यूबच्या बाहेरच्या काळ्या लेपाच्या अर्थिंगवर उतरवावेत.

ट्यूनरमध्ये (चॅनेल निवडायच्या भागात) गंज काढायचं तेल फवारू नये. कॅबिनेटचं पॉलिश सगळ्यात शेवटी.

आणि सेट मेला म्हणायच्या आधी सिग्नल कुठून देताय ते बघा. गच्चीवरच्या अँटेनावर आता या सेटला समजेल असं काही येत नाही, चित्राचा सिग्नल टीव्हीच्या चॅनेलवर चढवणारा मॉड्युलेटर लागतो. तो इंजिनिअरिंगचा मुलगा सेट घेऊन गेला आणि रात्री साडेदहाला फोन, “काका, परत गेला, नुसत्या मुंग्या!” जुन्या व्हीसीआरचा मॉड्युलेटर लावला होता. तो यूएचएफवर (वरच्या फ्रिक्वेन्सीच्या चॅनेलवर) बोलतो, आणि या सेटच्या ट्यूनरला व्हीएचएफपलीकडचं (खालच्या चॅनेलपलीकडचं) काही ऐकू येत नाही. म्हटलं, मुंग्या ठळक दिसतात ना? मग ट्यूनरपासून पिक्चर ट्यूबपर्यंत सगळं चालू आहे. कोअरला हात लावला नाहीस ना, एवढंच सांग.