वीज पडलेल्या झाडाचं लाकूड वापरताय? आधी या चुका टाळा

वळवाचा पाऊस सुरू झाला की पुण्यात ठरलेले प्रश्न येतात, वीज पडलेल्या झाडाचं लाकूड कुठे मिळेल, घरात ठेवलं तर चालेल का, ताईत करता येईल का. हे लाकूड साधं नाही असं जगभर मानतात आणि मीसुद्धा मानते, म्हणूनच ते कसंही तोडून आणलेलं आणि कशालाही लावलेलं मला बघवत नाही. थोडंसं घ्या, मागून घ्या आणि ते कुठे वापरायचं नाही हे आधी समजून घ्या, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

जळकं लाकूड म्हणजे विजेचं नाही

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. उन्हाळ्यात टेकड्यांवरच्या वाळक्या गवताला वणवा लागतो, झाडांची बुडं काळी पडतात आणि तीच लाकडं लोक विजेची समजून घरी आणतात. वणव्याचं झाड खालून काळं होतं. वीज पडलेलं झाड कित्येकदा काळं झालेलंच नसतं! विजेच्या वाटेत तापमान जवळपास ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत जातं पण ते क्षणभरच, तेवढ्यात सालीखालच्या ओलाव्याची वाफ होते आणि ती साल आतून फोडून बाहेर फेकते. त्यामुळे खोडावर वरून मुळाकडे उतरणारा एक लांब सोललेला पट्टा दिसतो, कधी सरळ, कधी लाकडाच्या रेषांबरोबर पीळ घेत गेलेला. आतलं लाकूड पांढरट पिवळं, मधोमध एक बारीक चीर, चिरेच्या कडेने तंतू काथ्यासारखे पिंजून उभे राहिलेले. आणि ढलप्या खोडाजवळ नाही तर पार लांब गवतात उडालेल्या असतात, त्या शोधा, तुम्हाला हवं ते लाकूड तेच.

ऑनलाइन घेणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा. लाकडावर फांद्याफांद्यांची सुंदर काळी नक्षी असलेले तुकडे विजेचं लाकूड म्हणून विकले जातात. ती नक्षी आकाशातल्या विजेची नसते, लाकडाला मिठाचं किंवा सोड्याचं पाणी लावून त्यातून हाय व्होल्टेज करंट सोडून काढलेली असते. व्हिडिओ बघून जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून हे घरी करायला जाऊ नका, हात जोडून सांगते. त्यात साधारण २००० व्होल्ट असतात, अमेरिकेत या प्रकारात कितीतरी जीव गेलेत आणि तिथल्या वुडटर्नर्सच्या (लेथवर लाकूडकाम करणाऱ्यांच्या) संघटनेने आपल्या कार्यक्रमांत त्यावर बंदीच घातली आहे.

खरं विजेचं लाकूड पाण्यात बुडतं, हीसुद्धा एक टेस्ट सांगतात. ही समजूत कोरियाकडची, तिथे वीज पडलेल्या जुजुबीच्या (आपल्या बोरीच्या चुलत बहिणीच्या) लाकडाचे शिक्के आणि ताईत करतात आणि ते जड असतं असं मानतात. पण रक्तचंदन वीज न पडताही बुडतं, त्यामुळे बुडलं म्हणून दुप्पट पैसे मोजू नका.

पावसातच धावत सुटणं

गडगडाट चालू असताना झाडाकडे जायचं नाही, ताजं ताजं मिळेल म्हणून तर मुळीच नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर किमान ३० मिनिटं थांबा. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा, आसपास वीज पडतेय का ते कळतं. आपल्याकडे पायाळू माणसाला विजेची भीती जास्त असं जुने लोक म्हणायचे आणि त्याला पावसात बाहेर सोडायचे नाहीत, तीच काळजी घरातल्या सगळ्यांसाठी घ्या. आणि लाकूड पुन्हा भारून घ्यायला ते हातात धरून वादळात गच्चीवर उभं राहा असं कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका प्लीज.

वीज पडून गेल्यावरही झाड आतून तडकलेलं असतं, वरून हिरवंगार दिसतं आणि नंतर कधीतरी वारा नसताना फांदी खाली येते. तेव्हा खाली बसून निवांत ढलप्या वेचू नका, वर बघा, उचला आणि बाजूला व्हा.

तोडून आणणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते. वीज पडलेलं झाड मेलंच असं नसतं, कितीतरी झाडं ती जखम भरून काढतात आणि आपण त्याच जखमेत कोयता घालतो. शहरात तर १९७५ च्या महाराष्ट्र झाडे संरक्षण व जतन कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा आहे. सोसायटीतलं झाड असेल तर सेक्रेटरींना विचारा, पालिकेची माणसं पडलेली फांदी कापायला येतात तेव्हा त्यांच्याकडे एक तुकडा मागा. सिंहगडाच्या बाजूला वनखात्याची हद्द आहे, तिथून विचारल्याशिवाय काही आणू नका. मुळशी, भोरकडच्या देवरायांमधून तर वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, ते देवाचं रान आहे, तिथे वीज पडलेलं झाडसुद्धा देवाचंच.

कुठेही वापरणं

अमेरिकेतल्या चेरोकी आदिवासी लोकांकडे या लाकडाचा फार मान, त्यातही वीज पडूनही जिवंत राहिलेल्या झाडाचा. त्यांच्याकडे जुनी रीत अशी की पेरणीआधी बी ज्या पाण्यात भिजवायचं त्यात अशा हिरव्या झाडाची साल किंवा लाकूड कुटून टाकायचं म्हणजे पीक चांगलं येतं, पण तेच लाकूड शेतात नुसतं फेकलं तर पीक वाळून जातं. चेंडूच्या खेळाआधी वैदू त्याच्या काटक्यांचा कोळसा करून द्यायचा, खेळाडू तो अंगाला फासायचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्यावर विजेसारखा घाव बसावा. आणि साध्या माणसाने त्याला हातही लावायचा नाही, हातापायाला भेगा पडतात म्हणे. म्हणजे ज्यांनी हे लाकूड सगळ्यात जास्त मानलं तेच त्याला सगळ्यात जास्त जपून होते.

आपल्याकडे तर अजून स्पष्ट आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत देवाच्या मूर्तीसाठी लाकूड आणायला रानात जाताना कुठली झाडं टाळायची त्याची यादी आहे, स्मशानातलं, वारुळाजवळचं, हत्तीने मोडलेलं, आणि त्यात वीज पडलेलंही आहे. पलंगासाठीही ते वर्ज्य सांगितलंय. त्यामुळे या लाकडाचा देव्हारा करणं, मूर्ती करणं, बाळाच्या पाळण्याला तुकडा लावणं, हे मी कोणालाच सांगणार नाही. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला कापडात बांधून ठेवा, लिहायच्या टेबलावर ठेवा, छोटी कांडी करा, गळ्यात घालायचा मणी करा. जिथे जोर हवाय, धाडस हवंय तिथे ते शोभतं, जिथे झोप आणि शांतता हवी तिथे नको.

पोटात घेणं, जाळणं

उगाळून पिऊ नका आणि धुरी देऊ नका. झाड कुठलं ते नक्की माहीत नसेल तर हा खेळ जिवावर येतो, कण्हेरीचं लाकूड तर विषारी, तिचा धूरसुद्धा वाईट. दुखत असेल तर डॉक्टर गाठा. आणि या लाकडाने आजार बरा करतो, करणी उतरवतो म्हणून कोणी हजारो रुपये मागत असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, सरळ पोलिसांकडे जा.

आणलं आणि बिघडलं

बुरशी आली: ओलं लाकूड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं असणार. ब्रशने झाडा आणि सावलीत, वारा लागेल असं गॅलरीत टांगा, कडक उन्हात किंवा ओव्हनमध्ये नको. पुण्याच्या पावसाळ्यात वाळायला वेळ लागतोच, घाई केली की लाकूड फाटतं.

टोकांना भेगा पडल्या: कापलेल्या टोकांना लगेच मेण लावायला हवं होतं. आता भेग असेल तर असू दे, वीज पडलेल्या लाकडाला भेग शोभते, फक्त वाळल्यावर जवसाचं तेल हलकं चोळा. तेलाचं फडकं मात्र चुरगळून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं, पसरून वाळवा.

बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा: आत कीड आहे. तुकडा घट्ट पिशवीत बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, रूमच्या तापमानाला येऊ दे म्हणजे लाकडाला पाणी सुटणार नाही. आंब्याच्या लाकडात हे फार होतं, आणि तोपर्यंत तो तुकडा फर्निचरजवळ ठेवू नका.