हेलसिंकीत विमान बदलताना: हाती आठ तास असतील तर

युरोपात किंवा अमेरिकेला जाताना फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत, सात-आठ तास मोकळे मिळाले, तर ते विमानतळावर काढू नका. विमानतळापासून शहराचा मध्य रेल्वेने अर्ध्या तासावर आहे आणि बघण्यासारखं बरंचसं पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. मात्र आधी व्हिसा तपासा आणि मग वेळेची वजाबाकी करा.

भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पडायला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) लागतोच. पुढचं विमान शेंगेन देशात जाणारं असेल, तर तुमची पासपोर्ट तपासणी हेलसिंकीतच होते आणि नंतर शहरात जायला वेगळं काही करावं लागत नाही. अमेरिकेला जाणाऱ्यांनी मात्र व्हिसावर किती प्रवेश आहेत ते नीट वाचावं. एकच प्रवेश असेल आणि परतताना युरोपात उतरायचं असेल, तर चार तासांच्या फेरफटक्यात तो खर्ची पडेल.

आता वजाबाकी. आठ तासांतून विमानातून उतरणं आणि पासपोर्टची रांग यांना एक तास द्या. बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवण्याची नवी पद्धत 2025 च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाल्यामुळे पहिल्या खेपेला वेळ जास्त जातो. रेल्वेची वाट बघणं धरून जायला पाऊण तास आणि यायला पाऊण तास. पुढच्या विमानाच्या दोन तास आधी विमानतळावर परत. उरतात साडेतीन तास. सहाच तास असतील तर जेमतेम दीड उरतो, तेव्हा बाहेर न पडलेलंच बरं. घड्याळही लावून घ्या: फिनलंड हिवाळ्यात भारताच्या साडेतीन तास मागे असतं, उन्हाळ्यात अडीच.

मोठं सामान पुढच्या मुक्कामापर्यंत चेक-इन झालंय ना, हे निघतानाच काउंटरवर विचारून घ्या. विमानतळाचं स्थानक जमिनीखाली खोल आहे, सरकत्या जिन्यांनी उतरावं लागतं. तिथून आय आणि पी अशा दोन गाड्या सुटतात. दोन्ही एकाच वर्तुळावर उलट दिशांनी धावतात, त्यामुळे जी आधी येईल तिच्यात बसा. तिकिटांच्या विभागणीत विमानतळ सी विभागात आणि शहराचा मध्य ए विभागात असल्यामुळे एबीसी तिकीटच हवं. स्थानकावर तिकीट तपासणारं फाटक नसतं, म्हणून बरेच जण एबी तिकिटावर किंवा तिकिटाशिवायच चढतात. तपासनीस आला की भरभक्कम दंड बसतो. तिकीट गाडीत बसण्याआधी यंत्रावर किंवा एचएसएल या स्थानिक वाहतूक संस्थेच्या अ‍ॅपवर काढा. नुसतं जाऊन यायचं असेल तर दोन सुटी तिकिटं स्वस्त पडतात. बोटीने सुओमेनलिन्ना या बेटांवरच्या किल्ल्यालाही जायचं असेल तर दिवसाचं तिकीट घ्या.

बेट की शहर, हे गाडीतच ठरवून टाका. साडेतीन तासांत दोन्ही करायला गेलात तर दोन्हीकडे फक्त धावपळ होते.

सुओमेनलिन्ना हा बेटांच्या समूहावर पसरलेला सागरी किल्ला आहे. स्वीडिश राजवटीत 1748 साली त्याचं बांधकाम सुरू झालं, आणि 1991 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. ज्याला जंजिरा किंवा सिंधुदुर्ग आवडतो, त्याने हाच पर्याय घ्यावा. मुख्य रेल्वे स्थानकापासून कौप्पातोरी या बंदरावरच्या बाजारापर्यंत चालत पंधरा मिनिटं लागतात आणि तिथून बोटीने आणखी पंधरा. एचएसएलच्या बोटीवर तुमचं रेल्वेचंच तिकीट चालतं. उन्हाळ्यात तिथून खासगी बोटीही सुटतात, त्यांवर ते चालत नाही. बेटावर निळ्या खुणांची वाट पकडा. ती दीड किलोमीटरवर दक्षिण टोकाच्या राजदरवाजापाशी नेते. उतरल्या उतरल्या परतीच्या बोटीची वेळ बघून ठेवा, कारण हिवाळ्यात फेऱ्या विरळ असतात आणि एक चुकली की सगळं गणित कोलमडतं.

पाऊस किंवा बर्फ असेल, किंवा बरोबर म्हातारी माणसं असतील, तर शहरच बरं. वास्तुकार एलिएल सारिनेनने आखलेलं, 1919 साली खुलं झालेलं ग्रॅनाइटचं रेल्वे स्थानकच आधी दोन मिनिटं थांबून बघा. दारावरचे दगडी पुरुष हातात गोल दिवे धरून उभे आहेत. तिथून दहा मिनिटांवर सिनेट चौक आणि 1852 साली पूर्ण झालेलं पांढरं कॅथेड्रल. मग एस्प्लनादी बागेतून स्थानकाकडे परतून ऊदी या सार्वजनिक वाचनालयात जा. प्रवेश मोफत, स्वच्छतागृहं मोफत, वरच्या मजल्यावर ऊब आणि समोर संसद भवन. खडक कोरून आत बांधलेलं तेम्पेलिऔकिओ चर्च तिथून पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. तिथे तिकीट लागतं, आणि प्रार्थना चालू असताना आत सोडत नाहीत.

डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य सव्वानऊनंतर उगवतो आणि सव्वातीनच्या आसपास मावळतो. तेव्हा संध्याकाळचा थांबा म्हणजे अंधारातलं शहर, आणि बेटाचा विचार सोडा. जूनमध्ये मात्र रात्री दहालाही उजेड असतो. थंडीत जाडजूड एका कोटापेक्षा दोन-तीन थर, कानटोपी आणि खोल खाचांच्या तळव्याचे बूट कामाला येतात. पदपथावरचा बर्फ वितळून पुन्हा गोठला की काचेसारखा होतो, गुळगुळीत तळव्यांचे बूट त्यावर टिकत नाहीत.

खाण्यासाठी अकरा ते दोनमध्ये 'लोउनास' अशी पाटी शोधा. दुपारचं जेवण त्या वेळात स्वस्त मिळतं. शाकाहारी पदार्थापुढे 'कास्विस' लिहिलेलं असतं. पटकन भूक भागवायला राय या धान्याच्या पातळ पारीत भाताची खीर भरलेलं कार्यालनपीरक्का घ्या. त्यावर लावतात त्या लोण्यात उकडलेलं अंडं असतं, नको असेल तर आधी सांगा. पाणी विकत घेऊ नका, नळाचं उत्तम आहे.

परतीच्या पाटीवर 'लेन्तोअसेमा' म्हणजे विमानतळ. इथे घोटाळा होतो तो फलाटांचा: मुख्य स्थानकात आय आणि पी गाड्या दोन विरुद्ध टोकांच्या फलाटांवरून सुटतात. एक चुकली म्हणून दुसरीकडे धावत सुटू नका, फलक बघून आहात त्याच बाजूला पुढच्या गाडीची वाट बघा. दिवसा ती साधारण दहा मिनिटांत येते.