फ्लटर अ‍ॅपच्या सेटिंग्ज स्क्रीनवर टॉगल स्विच कसे बसवावेत

फ्लटर या अ‍ॅप बनवण्याच्या साधनसंचातील स्विच स्वतःची स्थिती स्वतः सांभाळत नाही. ‘व्हॅल्यू’मध्ये दिलेली किंमत तो दाखवतो आणि बोट लागताच नवी किंमत ‘ऑनचेंज्ड’ या फंक्शनकडे सोपवतो. हे लक्षात न घेतल्यास स्विच कितीही दाबला तरी जागचा हलत नाही. म्हणून स्क्रीनसाठी स्टेटफुल विजेट (बदलती स्थिती सांभाळणारा पडद्यावरचा घटक) घ्यावे, तिच्या स्टेटमध्ये प्रत्येक स्विचसाठी एक बूल (फक्त ट्रू किंवा फॉल्स किंमत घेणारे) व्हेरिएबल ठेवावे आणि ऑनचेंज्डमध्ये सेटस्टेट (स्थिती बदलून पडदा पुन्हा रेखाटायला लावणारे फंक्शन) करून त्यात नवी किंमत भरावी.

सुट्या स्विचऐवजी स्विचलिस्टटाइल, म्हणजे मजकूर आणि स्विच असलेली तयार ओळ, वापरावे, असा माझा आग्रह आहे. त्यात टायटल आणि सबटायटल देता येते, संपूर्ण ओळच दाबता येते आणि टॉकबॅक हा अँड्रॉइडचा पडदा-वाचक वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीला नाव व चालू-बंद स्थिती एकत्र ऐकू येते. आयफोनवर तिथल्या धाटणीचा स्विच हवा असेल, तर याच विजेटचा ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ प्रकार घ्यावा. नाव मात्र होकारार्थीच असावे: ‘सूचना बंद ठेवा’ हा स्विच चालू केल्यावर सूचना येणार की थांबणार, याचा विचार वापरणाऱ्याला करावा लागू नये.

निवड टिकवण्यासाठी छोट्या किमती फोनवरच साठवणारे शेअर्ड प्रेफरन्सेस हे पॅकेज पुरेसे आहे. सेटबूलने किंमत साठवावी आणि स्क्रीन उघडताना गेटबूलने वाचावी. पहिल्या वेळी तिथे काहीच नसल्याने नल (‘किंमतच नाही’ असे दर्शवणारी खूण) मिळते, तेव्हा मूळ किंमत आपणच ठरवून द्यावी. वाचन पूर्ण होईपर्यंत ऑनचेंज्डला नल दिल्यास स्विच निष्क्रिय राहतो.

सर्वाधिक काळजी सूचनांच्या स्विचची घ्यावी लागते, कारण अँड्रॉइड १३ पासून नव्याने बसवलेल्या अ‍ॅपला वापरणाऱ्याच्या परवानगीशिवाय सूचना दाखवता येत नाहीत. स्विच दाबल्यावर आधी परवानगी मागावी, ती मिळाली तरच व्हेरिएबल ट्रू करावे आणि नाकारली गेल्यास स्विच बंदच ठेवून फोनच्या सेटिंग्जकडे जाण्याची वाट सबटायटलमध्ये सांगावी. परवानगी पुढे केव्हाही काढून घेता येते; त्यामुळे अ‍ॅप पुन्हा समोर आले की ती नव्याने तपासावी, नाहीतर पडद्यावर ‘चालू’ दिसत राहील आणि सूचना मात्र एकही येणार नाही. निवड सर्व्हरवर साठवली जात असेल, तर विनंती फसताच स्विच पूर्वस्थितीत आणून तसे स्नॅकबारमध्ये (पडद्याच्या तळाशी थोडा वेळ दिसणाऱ्या पट्टीत) कळवावे. मात्र उत्तर येईपर्यंत वापरणारा स्क्रीन सोडून गेलेला असू शकतो, म्हणून अवेटनंतर (उत्तराची वाट पाहून झाल्यावर) सेटस्टेट करण्यापूर्वी ‘माउंटेड’, म्हणजे ती स्क्रीन अजून अस्तित्वात आहे का, हे तपासावे.